मोरव्याचा फोन

मुकादमांच्या पुढ्यात नुसता कागद सरकवून सही घेऊन गेलाय, असा माणूस आमच्या अख्ख्या मतदारसंघात सापडला नसता. आधी तो कागद वाचावा लागे. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं. बाहेर बाकावर बसलेल्यालाही ऐकू जाईल असा. ज्याचा अर्ज त्यानंच वाचायचा. वाचता येत नसेल तर मी वाचायचे, पण त्या माणसाला समोर उभं करून. मध्येच हात वर करून मुकादम थांबवायचे आणि विचारायचे, "यो शब्द तुझा हाय, का लिवनाऱ्याचा?"

लिहिणाऱ्याचा असला की कागद परत.

मुकादम दोनदा खासदार झाले आणि दुसऱ्या खेपेला दिल्लीत राज्यमंत्री. पण भाईंदरमध्ये त्यांना खासदार कुणी म्हटलं नाही आणि मंत्री तर नाहीच. मोरव्याच्या मिठागरावर तरुणपणी ते मुकादम होते, म्हणून मुकादम. दिल्लीतल्या लोकांना ते आडनाव वाटलं. तिकडे 'मुकादमजी, मुकादमजी' चालायचं. मी एकदा म्हटलं, "साहेब, त्यांना सांगा तरी." तर म्हणाले, "हाक मारली का मी वळतो. आनखी काय पायजेल?"

मी त्यांच्या भाईंदर पश्चिमेच्या कार्यालयात सेक्रेटरी होते. सेक्रेटरी हा शब्द माझा. त्यांच्या तोंडी मी 'बाय' होते. आगरी लोक घरातल्या पोरीला म्हणतात तसं. मला ते अजिबात आवडायचं नाही. मी गिरगावातून लग्न होऊन इकडे आलेली, टायपिंगच्या दोन परीक्षा पास, कडक इस्त्रीची साडी, केसात एक पिन जरा जास्तच. खासदाराच्या कार्यालयात 'बाय' काय? मी टेबलावर स्वतःच्या नावाची लाकडी पाटी आणून ठेवली होती. तिच्यावर 'स्वीय सहायक' असं कोरून घेतलं होतं. आलेल्यांपैकी निम्म्यांना ते वाचता यायचं नाही आणि उरलेल्यांना कळायचं नाही. आज ती पाटी आठवली की उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

मुकादमांची बोली दुरुस्त करायचं व्रतही मी घेतलं होतं. ते 'हाय' म्हणाले की मी हळूच 'आहे' म्हणायचे. सभेतसुद्धा, मागच्या खुर्चीवरून. एकदा भर बैठकीत वळून म्हणाले, "बाय, तू 'आहे' म्हन, मी 'हाय' म्हनतो. दोघांचं मिळून काय तरी व्हईल." सगळे हसले. मी दोन दिवस फुगून बसले होते. मंत्रिपदाची नव्हे, माझी प्रतिष्ठा धोक्यात आली होती ना!

मोठ्यानं वाचण्याच्या पद्धतीमुळे आमच्या कार्यालयात कुणाचं काही झाकलेलं राहायचं नाही. एक कापडवाले शेठ गॅसच्या जोडणीसाठी आले. अर्जात 'घरी वयोवृद्ध, अंथरुणाला खिळलेली माता' असं छान लिहिलं होतं. शेठ वाचताहेत आणि बाजूलाच त्यांची आई उभी, हातात भाजीच्या दोन पिशव्या. ती गुजरातीत ओरडली, "कोण मांदुं छे? हुं?" म्हणजे, आजारी कोण, मी? शेठचा चेहरा भोपळ्यासारखा झाला. मला वाटलं, गेला गॅस. मुकादम म्हणाले, "आई ठनठनीत हाय ना? मंग तसं लिव. ठनठनीत बाईच्या पन डोल्यात धूर जातोच ना." शेठनं तिथंच नवा अर्ज लिहिला आणि त्याला सही मिळाली.

नया नगरच्या एक खाला मुलाच्या पासपोर्टसाठी आल्या होत्या. कुणा वकिलानं दोन पानं इंग्रजी झाडलं होतं. मी वाचत होते, मोठ्या झोकात, कारण कठीण शब्दांवर जोर द्यायला मला फार आवडायचं. अर्ध्यात मुकादमांनी थांबवलं. "खाला, ये सब आपने बोला?" खाला म्हणाल्या, "नहीं साहब, मैंने तो इतनाच बोला था के बेटे का कागज अटका है, उसकी नौकरी जाएगी." मुकादमांनी तेवढंच एक वाक्य माझ्याकडून टाइप करून घेतलं आणि सही ठोकली. माझी दोन पानांची इंग्रजी मैफल वाया गेली. पासपोर्ट मात्र आला.

ही सवय कुठून आली, ते मुकादम कुणालाही सांगत. लपवत नसत. मुकादम म्हणून नवे होते तेव्हा मालकानं त्यांच्या हातात एक कागद दिला आणि सांगितलं, आगरावरच्या सगळ्यांचे अंगठे घेऊन ये. यांनी घेतले. स्वतः वाचलं नाही, कुणाला वाचून दाखवलं नाही. कागदावर होतं, की आम्ही आपल्या मर्जीनं काम सोडत आहोत. दुसऱ्या दिवशी सगळे घरी बसले. मुकादमांनी त्याच संध्याकाळी घरोघर जाऊन सांगितलं, "कागद मी आनला, मी वाचला न्हाय. चूक माजी हाय." दोन ठिकाणी मार खाल्ला. तिसऱ्या दिवसापासून तीच माणसं घेऊन मालकाच्या दारात बसले. तिथून त्यांचं पुढारीपण सुरू झालं.

निवडणुकीचं परिचयपत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा ही गोष्ट मी शिताफीनं गाळली. उमेदवारानं आपल्या चुकीची जाहिरात करायची? पत्रक वाचून दाखवताना त्यांना लगेच कळलं. "माजी गोष्ट कुठं गेली?" मी म्हटलं, "साहेब, ती बरी दिसत नाही." म्हणाले, "माजं बरं जे काय हाय ते तिच्यातूनच निघालंय. घाल परत." मी घातली, अगदी शेवटी, बारीक टाइपात. माझ्यातली हुशारी कुठं वाहत होती ते तेव्हाच ओळखायला हवं होतं.

दिल्लीला मी एकदाच गेले त्यांच्याबरोबर. त्यांच्या खात्याचं नाव इतकं लांब होतं, की ते पूर्ण घेईपर्यंत समोरचा चहा गार व्हायचा. एक मोठे अधिकारी जाडजूड फाईल घेऊन आले आणि सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं. मुकादम म्हणाले, "पढ़िए. जोर से." अधिकाऱ्यांना वाटलं, थट्टा आहे. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली, इंग्रजीत. दर पानानंतर मुकादम म्हणायचे, "अब हिंदी में बताइए, किसको क्या मिलेगा, किसका क्या जाएगा." तासाभरात त्या अधिकाऱ्याच्या कपाळाला घाम. एका पानावर ते स्वतःच थांबले, मागची दोन पानं उलटली आणि फाईल मिटून म्हणाले, "सर, इसमें थोड़ा करेक्शन है. कल लाता हूँ." बाहेर पडताना ते मला म्हणाले, "आपके मंत्रीजी बहुत सीधे हैं." मी मोठ्या गर्वानं मान हलवली, जणू सरळपणा मीच पुरवत होते.

मंत्रिपदाचा खरा उपभोग घेतला तो मी. लाल दिव्याची गाडी मोरव्याच्या गल्लीत शिरायची नाही, म्हणून मुकादम नाक्यावर उतरून चालत घरी जायचे. मग ती गाडी मला कार्यालयापर्यंत सोडायची. पाच मिनिटांचा रस्ता. मी ड्रायव्हरला बाजारातून घ्यायला सांगायचे, आणि हळू. खिडकीची काच खाली, चेहऱ्यावर देशाची चिंता. एकदा आमच्या बिल्डिंगमधल्या कुलकर्णीवहिनी भाजी घेताना दिसल्या, तर मी मान फिरवून फायलीत पाहिलं. फाईल रिकामी होती.

आता जे सांगायचंय ते याच गर्वाचं पुढचं पाऊल आहे.

मंत्री झाल्यावर मुकादम आठवडाभर दिल्लीत. इकडे बाकावर माणसांची रांग. वाचून घ्यायला साहेब नाहीत, म्हणून सही नाही. मी त्यांना म्हटलं, सही केलेली कोरी लेटरहेडं माझ्याकडे ठेवून जा, बाकीचे खासदार ठेवतात. ते नाही म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मग पेणकरपाड्याच्या एका बाईंचं इस्पितळाचं पत्र ते येईपर्यंत चार दिवस अडकलं. बाईंचा जीव वाचला, पण त्यांचा नवरा कार्यालयात येऊन जे रडला, ते मुकादमांनी ऐकलं. त्या दिवशी विमानतळाकडे निघताना त्यांनी एक गठ्ठा कोऱ्या कागदांवर सह्या केल्या. माझ्या हातात देताना म्हणाले, "बाय, ह्यो माजा अंगठा हाय असं समज. वाचून घेत जा."

पहिले काही दिवस मी खरंच वाचून घेतलं. त्यांच्या खुर्चीशेजारी उभी राहून, त्यांच्यासारखा हात वर करून लोकांना थांबवत. मग कंटाळा आला. मग घाई आली. मग नुसतं नाव, पत्ता, काम विचारून टाइप करू लागले. कामं भराभर व्हायची, लोक दुवा द्यायचे, 'मॅडम' म्हणायचे. 'मॅडम' ऐकायला मला किती गोड लागायचं, म्हणून सांगू!

त्या काळी घरी फोन घ्यायचा तर अर्ज करून पोरांची लग्नं होईपर्यंत वाट पाहायची. खासदारानं शिफारस केली तर नंबर वर सरकायचा, पण अशी नावं वर्षाला मोजकीच देता यायची. मोरव्याची माणसं त्यासाठी आली होती. फोन कुणा एकाच्या घरी नको होता त्यांना. गावकीच्या खोलीत हवा होता. उधाणाला मिठागराचा बांध फुटला, की कुणीतरी सायकल मारत स्टेशनपर्यंत जायचं, मग मदत. बाई अडली तरी तेच. अर्ज गावकीच्या म्हाताऱ्यानं वाचला, अडखळत, आणि मुकादमांनी एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, "यंदाचा उरलेला नंबर मोरव्याचा." माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, लिवून ठेव."

मी लिहून ठेवलं. वर्षाची तीच शेवटची शिफारस उरली होती. आणि माझ्या कपाटात सही केलेले कागद होते.

मी स्वतःला काय काय सांगितलं ते आजही पाठ आहे. साहेबांचा दिल्लीहून रात्री फोन आला तर नाक्यावरच्या दुकानात धावावं लागतं. कामाच्या दृष्टीनं माझ्याच घरी फोन हवा. मोरव्याला काय, पुढच्या वर्षी मिळेलच. इतकी वर्षं थांबलेत, आणखी एक. 'कार्यालयीन निकडीमुळे' हे शब्द मी टाइप केले आणि मला ते इतके आवडले, की खाली 'व जनहितार्थ' हेही जोडलं. नाव माझ्या नवऱ्याचं. सही मुकादमांची. ते पत्र मी कुणापुढेही मोठ्यानं वाचलं नाही, स्वतःपुढेही नाही.

फोन आला. त्याचं कौतुक मी केलं तसं पोटच्या पोराचंही केलं नसेल. गुलाबी लोकरीचं झाकण विणलं, झालर लावून. डायलला छोटं कुलूप. चैत्रात हळदीकुंकू केलं ते खरं तर गौरीसाठी नव्हतंच. बायकांनी गौरीला हळद वाहिली आणि फोनला हात लावून पाहिला. बिल्डिंगभर लोकांनी आपापल्या नातेवाइकांना माझा नंबर दिला, आणि मी जिन्यात उभी राहून हाका मारायचे, "कुलकर्णी वहिनी, पुण्याचा कॉल!" सगळ्यांना ऐकू जाईल असा. कुलकर्णीवहिनी धापा टाकत यायच्या आणि मी मनगटावरच्या घड्याळात बघत उभी.

मुकादमांना मी सांगितलं नाही. त्यांनी मोरव्याच्या फोनचं विचारलं तेव्हा म्हटलं, "प्रोसेसमध्ये आहे." माझ्यावर त्यांचा विश्वास होता, त्यांनी ते मान्य केलं. माझ्या घरचा नंबर मी त्यांना दिला, तेव्हा म्हणाले, "बरं झालं, तुझी पायपीट वाचली." फोन कसा मिळाला, ते विचारलं नाही. माणूस कागदाचं सगळं विचारायचा, आपल्या माणसाचं नाही.

पुढची निवडणूक आली. विरोधकांच्या हाती त्या पत्राची नक्कल लागली. कशी, ते मला आजही माहीत नाही. भाईंदरभर पत्रकं वाटली गेली; एका बाजूला मोरव्याचा जुना अर्ज, दुसऱ्या बाजूला माझं पत्र आणि वर मोठ्या अक्षरांत, 'गावाचा फोन कुणाच्या घरी?' माझ्या नवऱ्यानं ते पत्रक दूधवाल्याकडून आणलं आणि टेबलावर ठेवून कामाला गेला. मी ते चार वेळा घडी घालून पिठाच्या डब्याखाली लपवलं. भाईंदरभर वाटलेली गोष्ट मी पिठाच्या डब्याखाली लपवत होते, बघा माझं शहाणपण.

त्याच रविवारी मोरव्यात गावकी बसली. मुकादम गेले. मीही गेले, बायकांच्या बाजूला बसले. न गेले असते तर पत्र मीच केलं असा संशय आला असता, एवढा हिशेब मी केला होता. गावकीचा तो म्हातारा, ज्यानं अर्ज वाचला होता, उठून उभा राहिला. पत्रक पुढे धरून म्हणाला, "मुकादम, ही सही तुजी?"

मुकादमांनी कागद हातात घेतला. संपूर्ण वाचला. मोठ्यानं. 'कार्यालयीन निकडीमुळे' आणि 'जनहितार्थ', हे माझे शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना मला कळलं, ते किती परके वाटतात. पत्र कुणी केलं ते त्यांना माहीत होतं. कोऱ्या सह्या फक्त माझ्याकडे होत्या. ते माझ्याकडे एकदा बघतील असं वाटलं. मी तयारीत होते. त्यांनी बघितलं असतं तर मी उठले असते. असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले.

त्यांनी बघितलं नाही. म्हणाले, "सही माजी हाय."

"मंग फोन त्या बाईच्या घरी का गेला? आमचं काय?"

"सही माजी हाय. म्हंजे चूक माजी हाय. दुसऱ्या कुनाला विचारू नका."

मी खाली बघत होते. पायात नव्या कोल्हापुरी चपला होत्या. त्यांच्या वेणीचे पदर मी मोजले, एकेका चपलेचे. एक वाक्य बोलायचं होतं. 'पत्र मी केलं.' तीन शब्दांचं. माझ्या टायपिंगच्या वेगाला एक सेकंदही लागलं नसतं. बैठक उठली आणि मी सगळ्यांबरोबर उठले.

मुकादम हरले. वारंच तेव्हा उलटं होतं. हरायला आणखी दहा कारणं होती, आणि ती दहाही मी तोंडपाठ केली होती. पण मोरव्यातून ते कधी हरले नव्हते. त्या वेळी हरले. निकालानंतर कार्यालय बंद करायचा दिवस आला, तेव्हा त्यांनी माझी ती लाकडी पाटी स्वतः पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. "घरी लाव," म्हणाले. मला खासगी कंपनीत नोकरी मिळाली. आम्ही पुढे मीरा रोडला राहायला गेलो, फोनही आमच्याबरोबर आला. त्या फोनवर मुकादमांचा फोन पुन्हा कधी वाजला नाही.

नंतरची बरीच वर्षं मी त्यांच्याकडे दिवाळीला मिठाईचा पुडा पाठवायचे. स्वतः जायचे नाही, मुलाला पाठवायचे. मग पाच वर्षांपूर्वी निरोप आला. डोळ्यांनी अंधुक दिसतं, कुणी पेपर वाचून दाखवायला येईल का? मी दर मंगळवारी रिक्षा करून मोरव्याला जाऊ लागले. मुकादमांची बायको, जिला आम्ही काकी म्हणायचो, दार उघडायची, पाणी द्यायची आणि आत निघून जायची. ओट्यावर आम्ही दोघं. पूर्वी त्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसायची. आता गल्लीतून जाणारी माणसं 'काय मुकादम' एवढं म्हणत आणि पुढं जात. कुणी बसत नसे.

पेपर वाचताना ते मध्येच विचारायचे, "यो त्याचाच शब्द हाय का?" आणि आम्ही दोघं हसायचो. एका मंगळवारी मी पेपराच्या घडीतून दुसराच कागद काढला. अर्ज होता. मोरवा गावकीस. टाइप केलेला नाही, माझ्या हातचा. त्यात मी सगळं लिहिलं होतं, सरळ, कठीण शब्द न वापरता. वाचताना माझा आवाज तीनदा बसला. त्यांनी एकदाही थांबवलं नाही.

वाचून झालं. मी सुटले, असं वाटलं मला. त्यांनी समोर बघितलं, जिथं त्यांना काही दिसत नव्हतं. मग म्हणाले, "चांगला लिवलास. सगले शब्द तुजे हायत." आणि पुढे, "पन यो माज्या नावाचा न्हाय, बाय. गावकीच्या नावाचा हाय. तिथं वाच."

"वाचीन," मी म्हटलं.

"दुसऱ्या कुनी वाचलेला चालायचा न्हाय. मी पन न्हाय वाचनार."

"वाचीन, साहेब. पुढच्या बैठकीला."

पुढच्या बैठकीला नातीची परीक्षा होती. त्याच्या पुढच्या वेळी माझे गुडघे. नात तेव्हा पाचवीत होती, आणि पाचवीच्या परीक्षेला आजीचं काय काम, हे मला कुणी विचारलं नाही. मुकादमांनीही विचारलं नाही. दर मंगळवारी निघताना ते फक्त म्हणायचे, "येशील ना?" मी म्हणायचे, "येईन." दोघांनाही माहीत होतं कशाबद्दल चाललंय ते. कागद माझ्या पर्समध्ये होता. पर्स बदलली की मी तो आधी काढून नव्या पर्समध्ये ठेवायचे. सांभाळण्यात मी हुशार, वाचण्यात नाही.

मागच्या वर्षी मुकादम गेले.

शोकसभा मोरव्यातच, गावकीच्या खोलीत. खोली आता टाइल्सची, एसीची झालीय. मला बोलायला बोलावलं, 'मुकादमसाहेबांच्या जुन्या सहकारी' म्हणून. समोरच्या खुर्च्यांवर बहुतेक तरुण. तो अर्ज वाचणारा म्हातारा केव्हाच गेलेला. ज्यांना हा अर्ज ऐकायचा हक्क होता, त्यांतले दोघं-तिघंच उरलेले, एकाच्या कानाला यंत्र. मी पर्समधून कागद काढला आणि वाचला. आवाज एकदाही बसला नाही. आता कशाला बसेल? ज्याच्यासमोर बसला होता तो आता फोटोत, हार घालून.

वाचून झाल्यावर एक तरुण नगरसेवक उठला आणि म्हणाला, "मॅडम, असं बोलायला मोठं मन लागतं." टाळ्या पडल्या. टाळ्या! मागं दोन पोरी कुजबुजल्या, "एका लँडलाइनसाठी?" आणि हसल्या. मला शाल दिली, नारळ दिला. मुकादमांना त्याच गावानं भर बैठकीत जाब विचारला होता, मला शाल. मी ती घेतली, कारण नको म्हणायला उभं राहून आणखी एक वाक्य बोलावं लागलं असतं.

सभा संपल्यावर मी मुकादमांच्या घरी गेले. काकी ओट्यावर बसली होती. ती सभेत पुढच्या रांगेत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्या पायाशी बसले. तिनं विचारलं, "हे त्यांना ठावं व्हतं?"

"हो. पहिल्यापासून. आणि तीन वर्षांपूर्वी मी त्यांना वाचूनही दाखवलं."

"मंग मना, बायकोला, का न्हाय बोलले?"

मी म्हटलं, "म्हणाले होते, ज्याचा अर्ज त्यानंच वाचायचा. मी कधी वाचते, याची ते वाट बघत होते."

काकीनं पदर तोंडाला लावला नाही, आवाज चढवला नाही. हातातल्या बांगड्या वर-खाली करत म्हणाली, "मी जेवताना बोलायची त्यांना. भाइरच्या बाईला फोन दिला नि आपल्या गावाला न्हाय. लाइट गेली का तेच काढायची. भाजी खारट झाली तरी तेच. येवढी वर्सं. ते खाली मान घालून जेवायचे. हात धुवायचे नि उठायचे." बांगड्या तशाच फिरवत म्हणाली, "परवापरवापर्यंत बोलायची गं मी."

मला वाटत होतं, माझ्या मौनानं एक निवडणूक गेली, एक गाव गेलं. रोजचं जेवणही गेलं होतं, हे मला त्या ओट्यावर कळलं.

मी "काकी, मला..." एवढंच म्हणाले. पुढचा शब्द कुठला आणायचा? काकीनं हात वर करून थांबवलं. आत सुनेला हाक मारली, "चहा आन गो बाईंना." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "साखर चालते ना?"

मला दहा वर्षं डायबेटिस आहे. मी "चालते" म्हटलं. चहा खूप गोड होता. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.